ओढ्याची वही: नदीचं पाणी आणि त्यातले किडे वर्षभर कसे नोंदवायचे

पुलावर उभं राहून नाक दाबलेलं, खाली काळं पाणी, आणि हातातला टीडीएस मीटर दाखवतोय ३५०. "अगं आमच्या बोअरला याच्यापेक्षा जास्त येतो, म्हणजे नदी बरी आहे की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बास. त्यात मैला किती, ऑक्सिजन किती, मासा जगेल का, यातलं काहीही तो पेनाएवढा मीटर सांगत नाही. म्हणून हा लेख. आम्ही चौघं काही वर्षं रविवारी ओढ्यावर जातोय, एकजण केमिस्ट्रीवाला, बाकी तिघं नोकरदार हौशी, आणि या काळात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत एवढीच इच्छा आहे.

उदाहरण म्हणून पुण्याची रामनदी घेते कारण ती बऱ्याच जणांच्या घराजवळनं जाते. भूगावजवळ खाटपेवाडीच्या बाजूला उगम, मग बावधन, पाषाण तलाव, बाणेर करत मुळेला मिळते, सगळी मिळून वीसेक किलोमीटरची. म्हणजे डोंगरातला ओढा, मधे तलाव आणि मग शहरातला नाला, असं सगळं एका सकाळी बघून होतं. तुमच्याकडं दुसरा ओढा असेल, कोकणात असाल तर व्हाळ असेल, पद्धत तीच.

जागा ठरवणं

इथंच निम्मं काम होतं, घाई करू नका. किमान तीन जागा घ्या. पहिली वस्तीच्या वर, जिथं पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ आहे, दुसरी जिथं त्रास सुरू होतो असा संशय आहे त्याच्या थोडी खाली, तिसरी अजून बरीच खाली. वरची जागा नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थच राहत नाही, कारण तुलना कशाशी करणार? खालच्या जागेला डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) ३ आला तर तो वाईट हे ठीक, पण वरतीच ४ असेल तर गोष्ट वेगळी आणि वरती ७ असेल तर गोष्ट वेगळी.

नाला जिथं येऊन मिळतो बरोब्बर तिथं नमुना घ्यायचा मोह होतो, फोटोही भारी येतो, पण तिथं पाणी मिसळलेलं नसतं, एका काठाला काळं आणि दुसऱ्या काठाला स्वच्छ असं वाहत असतं. ते दोन्ही एकजीव झालेले दिसतील एवढं खाली चालत जा. तिन्ही जागा शक्यतो एकसारख्या निवडा, म्हणजे तिन्हीकडं दगडगोटे, उथळ, खळखळतं पाणी. एक जागा डोहाची, एक सिमेंटच्या भिंतीमधली आणि एक दगडांची असं केलंत तर किड्यांमधला फरक प्रदूषणामुळं की जागेमुळं हे कळणारच नाही. सिमेंट केलेल्या पात्रात पाणी स्वच्छ असलं तरी किडे कमीच मिळतात, त्यांना लपायला दगडच नसतात.

जागा पक्की झाली की मोबाईलवर पिन टाका, एखादं झाड किंवा पुलाचा खांब फ्रेममध्ये येईल असा फोटो काढा आणि दर वेळी तोच फोटो त्याच कोनातून काढा. शेतातून जावं लागत असेल तर मालकाला आधी विचारा, एकदा चहा झाला की तेच दादा पुढं फोन करून सांगतात की ताई काल रात्री पाणी पांढरं आलं होतं. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याची परवानगी लागतेच, तिथं चहावर भागत नाही.

वेळ, आणि आमची फजिती

आम्ही सुरुवातीला सकाळी सात वाजता जायचो. मग थंडी, मग एकाच्या मुलीचा क्लास, असं करत करत वेळ सरकत दुपारी एकवर गेली आणि कोणी काही बोललं नाही. तीन महिन्यांनी आकडे बघतो तर डीओ मस्त वाढलेला! आम्ही खुश, ग्रुपवर पेढ्यांच्या इमोजी. मग केमिस्ट्रीवाल्यानं वहीतल्या वेळा बघितल्या आणि डोक्याला हात लावला.

झालं असं की पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री सगळेच तो वापरतात, शेवाळसुद्धा. त्यामुळं सूर्य उगवायच्या सुमारास डीओ सगळ्यात कमी आणि दुपारनंतर सगळ्यात जास्त. शेवाळ भरपूर असेल तर दुपारी पाणी मावेल त्यापेक्षाही जास्त ऑक्सिजन दाखवतं, आणि पहाटे त्याच पाण्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात. नदी सुधारली नव्हती, आम्ही उशिरा उठत होतो. (जलपर्णीचं उलटं असतं बरं का, ती वरून गोधडीसारखी पसरते, खाली उजेड जात नाही, तिथं दुपारीही डीओ कमीच मिळू शकतो.)

तेव्हा एकच वेळ ठरवा. सकाळी सात ते नऊ उत्तम. जागांचा क्रमही तोच ठेवा. आणि वेळ चुकली तर चुकलेली वेळच लिहा, ठरलेली नाही.

सामान

थर्मामीटर, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते) मोजायचा मीटर किंवा चांगल्या पट्ट्या, टीडीएस किंवा कंडक्टिव्हिटी मीटर (शिव्या दिल्या तरी घ्या, सांगते का ते), डीओ मोजायचं किट, पांढरा प्लॅस्टिकचा ट्रे, जाळं, चिमटा, मऊ ब्रश, भिंग, दोरी लावलेली छोटी बादली, मोजपट्टी, गमबूट, रबरी हातमोजे, साबण, घरचं पिण्याचं पाणी, वही आणि पेन्सिल. पेन नको, वही ओली झाली की पेनाची शाई पसरते.

पीएच मीटर हा सगळ्यात खोटारडा प्राणी आहे. दर रविवारी निघण्याआधी बफरमध्ये (ज्याचा पीएच आधीच माहीत आहे अशा द्रावणात) बुडवून जुळवायचा, एक ७ चा बफर आणि दुसरा ९.२ च्या आसपासचा, कारण आपल्या काळ्या दगडातनं येणारं पाणी बहुतेक ७ च्या वरच असतं. टोक कोरडं पडू द्यायचं नाही. आमचा एक मीटर कपाटात कोरडा पडून मेला होता आणि तरीही दोन महिने दर वेळी ७.१ दाखवत होता, म्हणून तर आम्हाला संशय आला, जिवंत ओढा एवढा शिस्तीत वागत नाही.

आता टीडीएस. तो मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला ०.५ ते ०.७ मधल्या एखाद्या आकड्यानं गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून वर्षभर एकच मीटर वापरा. चांगलं-वाईट ठरवायला तो निरुपयोगी, पण बदल पकडायला एकदम कामाचा. वरच्या जागेपेक्षा खाली एकदम दीडपट-दुप्पट झाला तर मधे काहीतरी येऊन मिळतंय, चालत जाऊन शोधा.

पोचल्यावर काय आधी, काय नंतर

आधी पाण्यात उतरायचं नाही. काठावर पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. रंग, वास, फेस, तेलाचा तवंग, काठावर काय टाकलंय, गुरं धुतायत का, कपडे धुतायत का, वर कुठं जेसीबी चाललाय का, कालपरवा पाऊस झालाय का. हे सगळं लिहायचं. तवंग दिसला तर काडीनं मोडून बघा, काचेसारखे तुकडे पडून वेगळे राहिले तर ते लोहावर जगणारे जिवाणू असतात, आणि लगेच परत जुळून आला तर तेल. हे एक कळलं तरी निम्म्या तक्रारी शहाणपणाच्या होतात.

मग पाण्याचे नमुने. प्रवाहाकडं तोंड करून उभं राहा म्हणजे तुमच्या पायानं ढवळलेला गाळ मागं जाईल. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची (डीओची आणि जंतूंची बाटली सोडून), पृष्ठभागाच्या वीतभर खाली नेऊन भरायची. तापमान पाण्यातच थर्मामीटर ठेवून वाचा, बाहेर काढून नाही. किडे सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी तळ ढवळावा लागतो आणि एकदा ढवळलात की बाकी सगळी मापं बिघडली.

डीओ

विरघळलेला ऑक्सिजन. जास्त वेळ इथं घालवा.

थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. समुद्रसपाटीला २० अंशाला ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर, २५ ला ८.३, ३० ला साधारण ७.६. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून यातून अजून सहा-सात टक्के वजा करा. म्हणजे मे महिन्यात ७ आला तर ते पाणी जवळपास भरलेलंच आहे, आणि जानेवारीच्या सकाळी १७-१८ अंशाला तोच ७ आला तर काहीतरी ऑक्सिजन खातंय. तापमान न लिहिता डीओ लिहिणं म्हणजे वय न सांगता उंची सांगणं.

मोजायची खात्रीची पद्धत विंकलरची. लायोश विंकलर या हंगेरियन माणसानं १८८८ मध्ये काढली आणि अजून तीच कसोटी धरतात. पायऱ्या अशा. काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळू भरायची, एकही बुडबुडा राहता कामा नये, गुडगुड आवाज आला तर ओतून परत. त्यात २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याच्या खाली ठेवून सोडायचं. बूच लावून उलटसुलट करायचं. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, जेवढा गडद तेवढा जास्त. पांढराच राहिला तर ऑक्सिजन संपलेला आहे, पुढं काही करायची गरज नाही, शून्य लिहा. पहिल्यांदा पांढरा साका बघितला तेव्हा आम्ही चौघंही गप्प झालो होतो, आकड्यापेक्षा तो रंग जास्त बोलतो.

साका खाली बसला की २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, परत बूच लावून हलवायचं, साका विरघळून पिवळंतांबूस पाणी होतं. इथपर्यंतचं काम काठावर उरकायचं, एवढं झालं की ऑक्सिजन बांधला गेला, पुढचं टायट्रेशन काही तासांत घरी किंवा शाळेच्या लॅबमध्ये करता येतं. २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं, फिकट पिवळं झालं की स्टार्चचे थेंब, निळं होतं, आणि निळं जाईपर्यंत परत थायोसल्फेट. जेवढे मिलिलिटर लागले तेवढे मिलिग्रॅम प्रति लिटर. गणित करावंच लागत नाही, म्हणून तर ते आकडे तसे निवडलेत.

आता दम देते. अझाइड विषारी आहे, ॲसिड काय असतं ते माहितीच आहे. गॉगल, हातमोजे, आणि मुलांच्या हातात हे द्यायचं नाही. वापरलेलं पाणी ओढ्यात ओतायचं नाही, बाटलीत भरून लॅबमध्ये परत. लॅबची सोय नसेल तर मत्स्यपालनवाले वापरतात तसं थेंबांचं किट घ्या, अचूकता कमी पण कल्पना येते. डीओ मीटर घेतलात तर त्याच्या टोकाची पातळ पापुद्र्यासारखी मेम्ब्रेन सांभाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी विंकलरशी ताडून बघा.

आकडा आला की तुलना कशाशी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वापरानुसार वर्ग आहेत. आंघोळीच्या पाण्याला डीओ किमान ५ आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते माप) जास्तीत जास्त ३, माशांसाठी आणि वन्यजीवांसाठी डीओ किमान ४, आणि जे पाणी फक्त जंतू मारून प्यायचंय त्याला डीओ किमान ६, बीओडी २ पर्यंत. हे तीनच पाठ ठेवा.

किडे

मला विचाराल तर खरी मजा इथं आहे, आणि खरी माहितीही. कारखान्यानं रात्री दोन वाजता टँकर रिकामा केला तर सकाळी सातपर्यंत ते पाणी कुठल्या कुठं गेलेलं असतं, तुमचा डीओ व्यवस्थित येणार. पण दगडाखालची अळी कुठं गेली नाही, ती काही महिने तिथंच राहते, तिनं ते सगळं सोसलंय किंवा ती मेलीये. पाणी वाहून जातं, किडे साक्षीला राहतात.

जाळं विकतचं घ्यायचं तर अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राचं, सपाट कडा असलेलं. नाहीतर नायलॉनची पिठाची चाळणी चालते. मच्छरदाणीचं कापड वापरू नका, बारीक अळ्या निसटतात. जाळं तळाला टेकवून धरायचं, तोंड प्रवाहाकडं, दुसऱ्यानं त्याच्या वरच्या बाजूला बुटानं तळ घुसळायचा, तीन मिनिटं घड्याळ लावून. एकाच ठिकाणी नाही, खळखळत्या पाण्यात, कडेला मुळांपाशी, पाचोळ्यात, असं वाटून. मग चार-पाच दगड उचलून खालची बाजू बघायची, चिकटलेलं ब्रशनं हळू ट्रेमध्ये घ्यायचं आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. लोक दगड उपडे टाकून जातात, राग येतो.

ट्रेमध्ये थोडं स्वच्छ ओढ्याचंच पाणी, आणि दोन मिनिटं काही करू नका. आधी नुसता कचरा दिसतो, मग कचरा चालायला लागतो.

काय बघायचं? स्वच्छ पाण्याची मंडळी आधी. स्टोनफ्लायची अळी, दोन शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नख्या, पोटाला कल्ले नाहीत. ही मिळाली तर त्या दिवशी मिसळ माझ्याकडून, कारण तिला भरपूर ऑक्सिजन लागतो. मेफ्लायची अळी, बहुतेक तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे हलणारे कल्ले, पायाला एकच नखी. कॅडिसफ्लाय, जी वाळूचे कण किंवा पानाचे तुकडे चिकटवून स्वतःचं घर करते आणि घरासकट चालते, काही जाती घर न करता दगडांमधे जाळं विणतात. आणि दगडाला नाण्यासारखी चिकटलेली चपटी गोल अळी, ती एका भुंगेऱ्याची, नवखे लोक तिला खवला समजून सोडून देतात.

मधली मंडळी म्हणजे चतुर आणि टाचण्यांच्या (चतुराच्या सडपातळ भाऊबंदांच्या) अळ्या, खेकडे, झिंगे, शिंपले. टाचणीच्या अळीलाही मागं तीन भाग असतात आणि सगळे तिला मेफ्लाय म्हणून मोजतात, पण तिचे ते तीन भाग पानासारखे रुंद असतात आणि पोटाच्या बाजूला कल्ले हलताना दिसत नाहीत. हा गोंधळ झाला तर घाण पाणी स्वच्छ ठरतं, तेव्हा भिंगाखाली बघा.

घाण पाण्याची मंडळी ओळखायला सोपी. लालभडक वळवळणारी अळी, तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये भागतं. ट्युबिफेक्सचे लाल धागे, माशांची टाकी ठेवणाऱ्यांना माहीत असतात, गाळात तोंड खुपसून शेपट्या हलवत असतात. लांब नळीची शेपटी असलेली माशीची अळी, ती नळी वर काढून हवेतला श्वास घेते, पाण्यात ऑक्सिजन शून्य असला तरी तिचं काही अडत नाही, डासाच्या अळीचंही तसंच. आणि एक छोटी पातळ कवचाची गोगलगाय, टोक वर धरून तोंड आपल्याकडं केलं तर तोंड डावीकडं येतं. बाकी बहुतेक गोगलगायींचं उजवीकडं. ही डावखुरी फार वाढली तर समजा सांडपाणी आहे.

आता याचे गुण कसे काढायचे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी एक पद्धत बसवली गेली, प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, नाजूक प्राण्याला जास्त. केंद्रीय मंडळानंही त्याच धर्तीवर भारतासाठी यादी केलीये, त्यात निकाल अ ते ई वर्गात येतो. समजा तुम्हाला पाच कुळं मिळाली, चपटी मेफ्लाय १०, जाळं विणणारी कॅडिस ५, पोहणारी बारीक मेफ्लाय ४, लाल अळी २, ट्युबिफेक्ससारखे गांडूळवर्गीय १. बेरीज २२, भागिले ५, सरासरी ४.४. म्हणजे मध्यम. किती किडे मिळाले ते यात धरत नाहीत, कुठली कुळं मिळाली तेच. आणि बेरजेपेक्षा सरासरीवर विश्वास ठेवा, बेरीज जास्त वेळ शोधलं की वाढते.

दुसरं माप विविधतेचं, आणि ते शाळेतली मुलंही करतात. ट्रेमधून न निवडता एकेक किडा उचलून ओळीत मांडायचा. पहिल्याला १. पुढचा आधीच्यापेक्षा वेगळा असेल तर अजून १, तसाच असेल तर काही नाही. समजा ५० किडे मांडले आणि गुण ३० आले, तर ३० भागिले ५० म्हणजे ०.६. नुसत्या लाल अळ्या असतील तर आकडा शून्याजवळ जातो. नाव एकाचंही माहीत नसलं तरी हे जमतं, फक्त सारखा की वेगळा एवढं कळलं पाहिजे.

फोटो काढा, मोजा, आणि सगळे परत पाण्यात. अडलेल्याचा फोटो आयनॅचरॅलिस्ट या साईटवर टाका, कोणीतरी ओळखतं. मारून अल्कोहोलमध्ये ठेवायचे ते संशोधन करणाऱ्यांनी, आपण नाही.

एक सावधगिरी. आपले बरेचसे ओढे फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतात आणि पुराच्या दिवसांत तळ धुऊन निघतो. जुलैमध्ये किडे मिळाले नाहीत म्हणून प्रदूषण असं लिहू नका. किड्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पाणी वर्षभर असेल तर एप्रिलमध्येही एकदा.

प्रवाह, जंतू, बीओडी

प्रवाह मोजायला एक संत्रं न्या. ते बरंचसं बुडून तरंगतं म्हणून वाऱ्यानं फारसं ढकललं जात नाही. दहा मीटर मोजा, संत्रं सोडा, तीनदा वेळ घ्या. समजा सरासरी २० सेकंद, वेग अर्धा मीटर प्रति सेकंद. रुंदी ३ मीटर, पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी ०.२ मीटर. ३ गुणिले ०.२ गुणिले ०.५ म्हणजे ०.३, आणि तळाला पाणी हळू वाहतं म्हणून त्याला ०.८५ नं गुणायचं, ०.२५५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २५५ लिटर. हे का हवं? कारण उन्हाळ्यात तेवढीच घाण कमी पाण्यात येते आणि आकडा वाढतो, लोक म्हणतात प्रदूषण वाढलं.

मैल्याचे जंतू आहेत का एवढंच बघायचं तर काळ्या होणाऱ्या बाटलीची चाचणी, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत १९८२ च्या सुमारास तयार झालेली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळी झाली तर मैल्याचा संशय पक्का. शहरातल्या ओढ्यात ती काळी होणारच, ते वेगळं सांगायला नको, तिचा उपयोग वरच्या जागेसाठी, झऱ्यासाठी, विहिरीसाठी. जलजीवन मिशनची किट्स बऱ्याच ग्रामपंचायतींत आलेली आहेत, विचारून बघा, कधीकधी सील न फोडलेली पडून असतात.

बीओडी लॅबकडं द्या. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. आपल्याकडं २७ अंशाला ३ दिवस ठेवतात, परदेशी पुस्तकात २० अंशाला ५ दिवस लिहिलेलं असतं, रिपोर्टवर कुठलं केलंय ते वाचा. स्वतः अंदाज घ्यायचा तर दोन बाटल्या भरा, एकीचा डीओ लगेच, दुसरी तीन दिवस अंधारात ठेवून मग, फरक म्हणजे ढोबळ बीओडी. फार घाण पाण्यात दुसरी शून्यावर जाते, मग पातळ करूनच करावं लागतं.

पाऊस आणि जीव

एकट्यानं जायचं नाही. धरणाखाली असाल तर विसर्गाची बातमी बघूनच, आणि सह्याद्रीत डोंगरात ढग दिसले तर तुमच्याकडं कोरडं असलं तरी पाण्याबाहेर. पायाला जखम असेल तर उतरू नका, लेप्टो (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) हा विनोद नाही, कोकणात पावसाळ्यात दरवर्षी ऐकतो आपण. नंतर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ओढ्यात उतरले होते हे आधी सांगा, ते विचारणार नाहीत.

पहिल्या पावसाचा दिवस मात्र चुकवू नका, पुलावरून दोरीच्या बादलीनं घ्या. रस्त्यावरचं, गटारातलं साठलेलं सगळं त्या एका दिवशी नदीत येतं, तळाचा सडका गाळ ढवळला जातो आणि तो ऑक्सिजन खाऊन टाकतो. पहिल्या सरीनंतर मासे मेल्याच्या बातम्या येतात त्या यातूनच बऱ्याचदा. गणपतीच्या आधी आणि नंतर असे दोन जास्तीचे रविवारही ठेवा.

वही

वहीत तारीख, वेळ, जागा, कोण होतं, हवा, मागच्या तीन दिवसांचा पाऊस, सगळी मापं, कुठल्या मीटरनं, बफर कधी केला, आणि एक रकाना "काय बिघडलं" असा. तो रकाना सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि तीनही लिहा, सरासरी नंतर. घरी आल्यावर वहीच्या पानाचा फोटो आणि एक्सेलमध्ये नोंद, त्याच दिवशी.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वतःची ठिकाणं असतात, मुळा-मुठेवर मुंढवा पुलासारखी, त्यांचे आकडे साईटवर मिळतात, जवळचं ठिकाण शोधून तुमचे आकडे शेजारी ठेवून बघा. जुळले नाहीत म्हणून लगेच ओरडू नका, वेळ आणि जागा वेगळी असते. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळानं देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले होते, त्यात सगळ्यात जास्त ५३ आपल्या राज्यात, पण आपल्या मागचा ओढा बहुतेक कुठल्याच यादीत नसतो, तिथं तुमचीच वही.

तक्रार करायची वेळ आली तर एक समजून घ्या. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या माणसानं, सोडणाऱ्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून घ्यायचा असतो. तुमची बाटली त्याची जागा घेऊ शकत नाही. पण तुमची वही त्यांना कुठं आणि किती वाजता यायचं ते सांगू शकते, आणि आमच्या अनुभवात "नदी घाण आहे" या अर्जाला उत्तर येत नाही, "गेले सहा रविवार या पिनपाशी सकाळी साडेसातला साका पांढरा आला" या अर्जाला येतं. उशिरा का होईना. त्यानंही हललं नाही तर कलम ४९ खाली मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः कोर्टात जाता येतं, तेव्हा मात्र वकील गाठा.

आणि एप्रिल-मेमध्ये गेलात आणि ओढा कोरडा ठणठणीत मिळाला तर तसेच परत येऊ नका. तारीख टाका, वेळ टाका, तोच फोटो त्याच कोनातून काढा, आणि मापांच्या रकान्यात "पाणी नाही" असं लिहा. शून्य लिहू नका. आमच्या पहिल्या वर्षाच्या एक्सेलमध्ये एकानं मे महिन्याच्या डीओला शून्य टाकलं होतं, सरासरी काढली तर सगळ्यात स्वच्छ वरची जागा सगळ्यात घाण निघाली.